ओल्या गोणपाटाखालचा आकडा

असोद्याच्या कौतिक आबांची एक खोड साऱ्या गावाला ठाऊक होती, फक्त त्यांच्या सुनेला ठाऊक नव्हती. घरात हा माणूस मिठाची गुळणी धरून बसायचा. भाजी चांगली झाली तर “बरी हाये” म्हणायचा, आणि फारच चांगली झाली तर नुसतं ताट पुढे सरकवायचा. पण एकदा उंबरा ओलांडला की तोंडाला बांध नाही! आणि दिवाळीपासून त्या तोंडाचा विषय एकच होता, सून मयुरी आणि तिचं टेम्प्लेट.

“टेम्प्लेट म्हंजे काय भो?” असं कोणी विचारायचा अवकाश, आबा धोतराचा सोगा सावरून बसायचे.

“घराले चौकट असते का नही? सुतार चौकट बनवते. मंग तिच्यात दार तू सागाचं लाव, नही तं पत्र्याचं लाव. ब्लॉगचं तसंच हाये. लिखाण ज्याचं त्याचं, चौकट माह्या सुनेची. अन् चौकटीच्या माथ्यावर गावाची हवा! आता, या घडीची! उन किती, वारा किती, सारं.”

हा दाखला मुळात मयुरीचाच. एकदा चहाचा कप हातात देताना तिनं आबांना तो समजावून सांगितला होता. तेव्हा आबा “हूं” एवढंच म्हणाले होते. बिचारी समजली, म्हाताऱ्याला काही कळलं नाही.

मयुरी धुळ्याकडची. चार वर्षांपूर्वी हितेंद्रशी लग्न होऊन आली. हितेंद्र जळगावच्या कारखान्यात कामाला, सकाळी मोटारसायकलवर जायचा तो संध्याकाळी उगवायचा. मयुरीनं पिंप्राळ्याच्या एका क्लासमध्ये वेबसाइटचं काम शिकून घेतलं आणि घरी बसून लोकांच्या ब्लॉगला टेम्प्लेटं बनवून द्यायला लागली. सासरी ती जपून पुस्तकी मराठी बोलायची, पण माहेरचा फोन आला की अहिराणी सुटायची, ‘आहे’च्या जागी ‘शे’ यायचं. मग आबा ओसरीवरून बायकोला, लताबाईंना ऐकू जाईल असं पुटपुटायचे, “झालं! लागली धुळ्याची ‘शे-शे’!” मयुरी आत हसायची आणि आवाज बारीक करायची.

हवेचं टेम्प्लेट मात्र तिनं कोणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं. असोदा हे केळीचं गाव, आणि केळीचा जीव हवेत. वैशाखाचं ऊन लागलं की घड भाजतो, थंडी पडली की वाढ थांबते, वारा सुटला की झाडं आडवी. आणि सगळ्यांच्या फोनवर ‘जळगाव’ म्हणून जो आकडा यायचा, तो कुठल्या शिवारातल्या हवेचा होता देव जाणे. मयुरीनं गच्चीच्या कठड्याला लोखंडी दांडी बांधून घेतली. दांडीच्या टोकाला वारा मोजणाऱ्या तीन वाट्या, आणि त्यांच्या खाली एक पांढरी, सगळीकडून झरोके असलेली डबी. डबीतला आकडा इंटरनेटवरून थेट तिनं असोद्यासाठी काढलेल्या ब्लॉगच्या माथ्यावरच्या पट्टीत. पट्टीचा रंग हवेप्रमाणे बदलायचा. गारव्याला निळा, बऱ्या हवेला हिरवा, चाळिसाच्या वर गेलं की तांबडा. आणि पट्टीच्या कडेला तिनं एक केळीचं पान काढलं होतं, ते वारा वाढला की हलायचं आणि फारच वाढला की फाटायचं.

त्या पानाची एक गोष्ट आहे. पहिल्यांदा तिनं ते आडवंतिडवं, कागद फाटावा तसं फाटलेलं काढलं होतं. आबांनी येता-जाता पडद्यावर पाहिलं.  दुसऱ्या दिवशी मळ्यातून येताना वाऱ्यानं चिरलेलं एक खरंखुरं पान आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवून हातपाय धुवायला निघून गेले. मयुरीनं पाहिलं तर काठापासून मधल्या दांड्यापर्यंत सरळ सरळ चिरा. तिनं सगळं पान पुसून नव्यानं काढलं. दोघांमध्ये यावर एक शब्द झाला नाही.

आता आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येणार नाही तर कधी येणार! कडुनिंबाला झोके, घरोघरी सांजोऱ्या, पितरांची घागर, आणि बाप्या लोकांचा दिवसभर पत्त्यांचा डाव, त्याला त्या दिवशी कोणी नावं ठेवत नाही. आबांची लेक मोहिनी सुरतेहून आली होती. आल्या आल्या म्हणाली, “आबा, मी तिकडे रोज सकाळी वहिनीचं पान पाहाते. पट्टी तांबडी दिसली की समजते, आई आज दुपारून ओसरीवर झोपली असेल.” आबा “हूं” म्हणाले आणि लगेच ही गोष्ट चार घरी सांगून आले.

मयुरीलाही माहेरी धुळ्याला जायचं होतं, पण तिचा पाय निघेना. कारण नेमके आखाजीच्या दुपारीच नशिराबादचे छगनभाऊ येणार होते. तिथल्या केळीवाल्यांच्या गटाचे ते प्रमुख. गटाला स्वतःचा ब्लॉग काढायचा होता आणि त्याला मयुरीची चौकट घ्यायची की नाही, ते डोळ्यांनी पाहून ठरवणार होते. शेवटी लताबाईंनीच तिची पिशवी भरली. “आखाजीले लेक माहेरीच शोभते. तुह्या यंत्राले काय पाय फुटणार हायेत का? जाय तू.”

निघताना मयुरी आबांच्या पाया पडली आणि म्हणाली, “आबा, नशिराबादनं घेतलं ना, तर बाकीची गावंही घेतील. माझं काम उभं राहील. तेवढं यंत्राकडे लक्ष असू द्या.”

“हूं,” आबा म्हणाले.  गावातल्या लोकांनी त्यांना आजवर विहिरीसाठी पाणी बघायला सांगितलं होतं, भांडण मिटवायला सांगितलं होतं. यंत्र सांभाळायला कोणी सांगितलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी लताबाईंनी घागर पुजली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आणि आबांनी रिवाजाप्रमाणे नवा माठ काढून त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. गोणपाटाचा एक तुकडा उरला. तो हातात असतानाच त्यांना सुनेचे शब्द आठवले आणि ते जिना चढून गच्चीवर गेले. ऊन असं होतं की पायांखालची फरशी चटके देत होती. आबांनी डबीला हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला.

“अरारारा,” ते डबीला म्हणाले, “पार भाजून निंघाली तू तं!”

या माणसाचा जन्म केळीत गेला होता. उन्हाळ्यात घडाला वाळल्या पानांची टोपरी घालायची, माठाला ओलं गोणपाट घालायचं, बैलाला सावलीत बांधायचं. जे जपायचं ते उन्हापासून झाकायचं, हे त्यांच्या हातांना सांगावं लागत नव्हतं. मग सुनेनं सांभाळायला दिलेलं यंत्र तसंच उन्हात तळत ठेवतील ते कौतिक आबा कसले! त्यांनी तो तुकडा बादलीत बुडवला, पिळला, आणि डबीभोवती तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा नीट गुंडाळून वर सुतळी बांधली. वरच्या वाट्या फिरत होत्या, त्यांना हात लावला नाही. एवढी अक्कल त्यांना होती. वर आणखी एक तांब्या पाणी ओतून, मोठं पुण्याचं काम केल्यासारखे ते खाली उतरले.

दुपारी जेवण झाल्यावर आबांनी पुन्हा वर जाऊन गोणपाटावर आणखी दोन तांबे पाणी ओतलं. मग पुरणपोळ्या आणि आमरस जिरवायला सारं गाव मारुतीच्या देवळामागच्या कडुनिंबाखाली जमलं. एका फांदीला झोके, त्यावर माहेरवाशिणी. दुसऱ्या बाजूला सतरंजीवर पत्ते. छगनभाऊ आले, पाणी प्यायले, रुमालानं मान पुसली. आबांच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं होतं. पत्ते पिसणाऱ्या गिरधर नानांना त्यांनी मुद्दाम हाक मारली. गिरधर हे त्यांचे लंगोटीयार, आणि लंगोटीयार म्हणूनच पहिले टीकाकार.

“ये रे गिरधर, तू बी पाहाय. रोज म्हणते ना तू, फोनातले सारे आकडे सारखेच असतात म्हून?”

“तू दाखोव तं खरं,” नाना म्हणाले.

छगनभाऊंनी फोन काढला, असोद्याचा ब्लॉग उघडला. आबा पडद्याकडे पाहातच नव्हते. ते छगनभाऊंच्या तोंडाकडे पाहात होते, कौतुक कधी उमटतं याची वाट बघत. तिथं कौतुक उमटलं नाही. छगनभाऊंनी चष्मा वर केला, खाली केला, वर सूर्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनकडे.

“आबा,” ते जरा अडखळत म्हणाले, “हे एकोणतीस दाखोते.”

“काय एकोणतीस?”

“उन. एकोणतीस. पट्टी बी हिरवी हाये.”

वैशाखातली भर दुपार. कडुनिंबाखाली बसलेल्यांच्या पाठीला सदरे चिकटलेले. आणि एकोणतीस! गिरधर नानांच्या हातातून पत्ते गळाले. ते आधी हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

“व्वा रे पठ्ठे! पोरींहो, शाली काढा व माय! असोद्याले हिव पडलं!”

झोक्यांवरच्या बाया हसायला लागल्या. कोणी खोटंच कुडकुडून दाखवलं. पट्टीवरचं केळीचं पान तेवढं गरम वाऱ्यानं बरोबर फडफडत होतं, पण त्याच्याकडे कोण बघतो! आबांना तोंडात मारल्यासारखं झालं. गेल्या सहा महिन्यांच्या सगळ्या फुशारक्या त्यांना एकदम आठवल्या.

छगनभाऊ भला माणूस. ते हसले नाहीत. “सूनबाईंलेच इचारू,” म्हणाले. मोहिनीनं वहिनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. धुळ्याकडूनही झोक्यांवरची गाणी ऐकू येत होती. मोहिनीनं काय झालं ते सांगितलं.

“एकोणतीस?” मयुरीचा आवाज बदलला. “थांबा, लॅपटॉपवर बघते.” गाणी लांब गेली, दार लागल्याचा आवाज आला. “अं… वारा बरोबर येतोय. पण सकाळपासून गरमी एकदम उतरलीय. आणि दमटपणा… दमटपणा केवढा वाढलाय! जसं काही कोणी त्याला ओलं… आबा? तुम्ही आज गच्चीवर—”

आणि ती थांबली.

कडुनिंबाखाली सगळे कान देऊन होते. त्या थांबण्यात काय होतं ते कोणालाच कळलं नाही, एका आबांशिवाय. त्यांच्या बोटांना अजून ओल्या तागाचा वास येत होता.

“नाही, नाही,” मयुरी घाईघाईनं म्हणाली. “माझीच चूक असणार, छगनभाऊ. जोडणीत काहीतरी राहून गेलं माझ्याकडून. तुम्ही एवढ्या उन्हात आलात, माफ करा.”

फोन बंद झाला. छगनभाऊ उठले. “नवं काम हाये, आबा, होते असं. पुढच्या साली पाहू.” आणि गिरधर नाना पत्ते गोळा करता करता बोलून गेले, “मी म्हनत होतो ना भो, चौकट दिसाले छान, पण आतमधी काही नही.”

 आबांनी छगनभाऊंना हातानंच थांबायची खूण केली आणि घराकडे निघाले. एवढं भरभर चालताना त्यांना कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. जिना चढून गच्चीवर पोचले तेव्हा धाप लागली होती. गोणपाटाला मघाची ओल तशीच होती. सुतळी न सोडताच त्यांनी कडेनं आत बोटं घातली. आत गारवा होता. नव्या माठाच्या पोटाला हात लावावा तसा गारवा.

मग त्यांच्या सारं लक्षात आलं. डबी खोटं बोललीच नव्हती. बाहेर आगडोंब होता, पण तिच्याभोवती त्यांनी स्वतःच्या हातानं गारवा बांधला होता, आणि तिनं इमानानं तोच सांगितला होता. सुनेलाही ते कळलं होतं. चार शब्दांत ती सासऱ्याला साऱ्या गावासमोर उघडं पाडू शकली असती. त्याऐवजी तिनं स्वतःचं काम वाईट आहे असं सांगून टाकलं, तेही ज्याच्या होकारावर ते काम उभं राहायचं होतं त्याच माणसासमोर.

आबांना स्वतःचा असा राग आला की त्यांनी सुतळी दातांनी तोडली.

पाण्यानं ठिबकणारं गोणपाट खांद्यावर टाकून ते भर गल्लीतून परत निघाले. लताबाई दारातून ओरडल्या, “अहो, ते माठाचं कुठी नेऊन राह्यले?” त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कडुनिंबाखाली येऊन त्यांनी ते गोणपाट सतरंजीवर, पत्त्यांच्या डावाच्या मधोमध आपटलं. राजा, राणी, गुलाम सगळे भिजले.

“हे पाहाय, गिरधर. पाहा छगनभाऊ. हे मी बांधेल होतं तिच्या यंत्राले. उन लागते म्हून. माह्या सुनेची काही चूक नही. तिले समजेल होतं, तरी तिनं माही अब्रू झाकली अन् सोताची उघडी टाकली. यंत्र बी खरं, आकडा बी खरा. ह्या गोणपाटाखाली एकोणतीसच हाये, कोणाले पाह्यचं त्यानं डोक्यावर घेऊन पाहा!”

 झोके थांबले. मग गिरधर नानांनीच, मघा हसलेल्या त्याच माणसानं, ते गोणपाट उचलून खरंच डोक्यावर घेतलं. डोळे मिटून बसले.

“खरंच हाये भो,” ते आतून म्हणाले. “एकोणतीसच असंन.”

आता जे हसू फुटलं ते वेगळं होतं. तेवढ्यात मोहिनी ओरडली, “आबा, चढला! बत्तीस झालं!”

सगळे फोनभोवती गोळा झाले. बाया झोक्यांवरून उतरल्या. डबी हळूहळू तापत होती आणि आकडा वर सरकत होता. चौतीस. छत्तीस. प्रत्येक आकड्याला पोरीबाळी गलका करत होत्या. ज्या उन्हाला हे गाव सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतं, त्याच उन्हाला त्या दिवशी असोद्यानं टाळ्या वाजवल्या. एकोणचाळिसावर आकडा जरा रेंगाळला तेव्हा तर एक म्हातारी “चढ व माय, चढ” म्हणून हात जोडून उभी राहिली. चाळीस ओलांडलं आणि पट्टी तांबडी झाली. बेचाळिसावर येऊन आकडा थांबला.

छगनभाऊंनी फोन पुन्हा हातात घेतला आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

“आबा,” ते म्हणाले, “गोणपाट बांधलं तं गोणपाटाचं सांगते, काढलं तं उन्हाचं सांगते. मले असंच पाह्यजे. आमच्या गटाचं पक्कं समजा. फक्त आमच्याकडे गच्चीच्या दाराले कुलूप लावाले सांगतो.”

“लावाच,” आबा म्हणाले. “माह्यासारखे लय हायेत.”

मोहिनीनं पुन्हा फोन लावला. वहिनीला बातमी सांगायला तिनं तोंड उघडलं तेवढ्यात आबांनी फोन तिच्या हातातून घेतला. आवाज मोठाच होता. सारं गाव पुढ्यात होतं. आबांनी घसा खाकरला. घराबाहेर हा माणूस सहा महिने सुनेबद्दल अखंड बोलला होता, पण आता ऐकणारी ती स्वतः होती, आणि त्यांना शब्द सापडेना. त्यांची असोद्याची बोली ओठांपर्यंत येऊन ‘हूं’वर अडकत होती.

“आबा? काय झालं? छगनभाऊ गेले का?” मयुरीचा आवाज रडवेला होता.

आबांनी डोळे मिटले, आणि चार वर्षं ओसरीवरून जिची थट्टा केली, जी ऐकून ऐकून आपल्याला येते हेही त्यांना ठाऊक नव्हतं, त्या बोलीत ते मोठ्यानं म्हणाले, “चूक मन्ही शे बेटा, तुन्ही नही. तुन्हं काम बठ्ठासमा भारी शे, सगळ्यात भारी. माले तुन्हा अभिमान शे.”

 पलीकडून लांबची गाणी तेवढी ऐकू येत होती. इकडे लताबाई गर्दीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “घरी आली म्हंजे तोंडावर सांगजा तिले. नही तं पुन्हा हूं कराल.”

“सांगीन,” आबा म्हणाले. आणि फोन कानाला तसाच धरून ते थांबले, कारण पलीकडे मयुरी आता रडता रडता हसत होती आणि अहिराणीत भराभर काहीतरी सांगत होती, आवाज मुळीच बारीक न करता.